सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग अण्णा पडले कामून?

आधी प्रश्न थोडक्यात सांगतो. वसमतकडचं गाव, एप्रिल महिना, बाहेर ४१ डिग्री. विचारणाऱ्या पोराचे वडील, म्हणजे अण्णा, वय ६२, बीपीची गोळी चालू. दिवसभर हळद शिजवायच्या कुकरपाशी होते, संध्याकाळी बाजेवरून उठले, दोन पावलं टाकली आन् डोळ्यापुढं अंधारी येऊन खालीच बसले. दवाखान्यात नेलं तर ताप नाही, शुगर ११२, झोपवून घेतलेलं बीपी ११८/७६, ईसीजी नॉर्मल. सलाईन लावली, तासा-दोन तासात अण्णा उठून चहा मागायले. आता पोराचं म्हणणं असं की सर, शाळेत शिकलो शरीर सगळं आपोआप बॅलन्स ठेवतं, रिपोर्ट पण सगळे नॉर्मल, मग माणूस पडला कसा आणि त्या सलाईननं नेमकं काय केलं?

मी फिजिशियन आहे, मराठवाड्यातच प्रॅक्टिस करतो, उन्हाळ्यात ओपीडीत हाच प्रश्न रोज असतो, फक्त तिथं लोक रागानं विचारतात. तुम्ही शांतपणे विचारलाय तर सविस्तरच सांगतो, लांबण लागंल थोडी.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा. आकडा नॉर्मल आहे म्हणजे शरीर आरामात आहे असं नसतंय. तो आकडा नॉर्मल ठेवायसाठी शरीर आतून काय काय खर्च करायलंय ते त्या आकड्यात दिसतच नाही, ते दिसतं नाडीत, लघवीत, जिभेवर. तुम्ही बीपी लिहिलं, शुगर लिहिली, ईसीजी लिहिला, पण नाडी किती होती ते लिहिलं नाही आणि अण्णांनी दुपारपासून लघवी केली होती का तेही नाही. माझा अंदाज, नाडी ११० च्या आसपास असणार आणि लघवी सकाळी झाली असंल ती शेवटची.

आता उष्णतेचं बघू, कारण सगळं तिथून सुरू झालं. माणसाच्या आतलं टेंपरेचर ३७ डिग्रीच्या आसपास असतं, पहाटे थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त. बाहेर जानेवारीत १० असो नाहीतर मे महिन्यात परभणीला ४४ असो, आत ३७च. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे, तिथं येणारं रक्त किती गरम आहे ते तो सारखा मोजत असतो, कातडीकडूनही त्याला खबर येत असते. नुसतं बसून राहिलं तरी शरीर तासाला ७०-८० किलोकॅलरी उष्णता तयार करतं, आणि शिजलेली हळद कुकरमधून काढणं, घमेली उचलून वाळवायला पसरणं असलं काम असलं की हा आकडा ३००-४०० वर जातो. ६० किलोच्या माणसाचं अंग १ डिग्रीनं तापायला साधारण ५० किलोकॅलरी पुरतात. म्हणजे हिशोब करा, उष्णता बाहेर टाकायची सोय नसती तर तासाभरात माणूस संपला असता.

ही उष्णता बाहेर जाते कशी? कातडी ३३-३५ डिग्रीची असते. हवा त्याच्यापेक्षा गार असली तर उष्णता आपसूक बाहेर पडते, पण हवाच ४१ असली तर गंगा उलटी, हवाच आपल्याला तापवायला लागते. मग रस्ता एकच उरतो, घाम. आणि घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला पाहिजे. १ लिटर घाम पूर्ण वाळला तर जवळपास ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. अंगणातला रांजण पाझरतो आणि ते पाझरलेलं वाळतं म्हणून आतलं पाणी गार होतं, आपलं अंग तसंच काम करतं, आणि तोच रांजण पावसाळ्यात दमट हवेत पाणी गार करत नाही हेही तुम्ही बघितलंच असंल. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, घाम आला तसा उडून जातो, त्यामुळं लोक म्हणतात डॉक्टर मला घामच येत नाही, आणि शर्ट उलटा करून बघावा तर पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे. घाम दिसला नाही म्हणजे पाणी गेलं नाही असं समजू नका.

अण्णांचं काय झालं बघा. कुकरपाशी वाफ, जाळ, त्यात वरून पत्रे. वाफेत हवा दमट, तिथं घाम वाळत नाही, नुसता टपकतो. टपकलेला घाम पाणी नेतो, मीठ नेतो, पण उष्णता जवळपास काहीच नेत नाही. मग आतलं टेंपरेचर उतरेना म्हणून शरीर आणखी घाम काढतं. असल्या कामात तासाला एक लिटर घाम सहज जातो, आणि तेवढं पाणी कुणी पीत नाही.

घाम येतो कुठून, तर रक्तातूनच, आणि खरी ओढाताण इथंच आहे. मोठ्या माणसात रक्त सगळं मिळून ५ लिटरच्या आसपास. आतली उष्णता कातडीपर्यंत आणायची तर कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडाव्या लागतात. एरवी कातडीत मिनिटाला अर्धा लिटरपेक्षाही कमी रक्त फिरतं, अंग खूपच तापलं तर हे ६ ते ८ लिटरपर्यंत जाऊ शकतं. आता एवढं रक्त बाहेरच्या बाजूला वळवलं तर बीपी पडणार, आणि बीपी पडलं तर मेंदूला रक्त कोण देणार. म्हणजे टेंपरेचर सांभाळणारी यंत्रणा म्हणती वाहिन्या उघडा, बीपी सांभाळणारी म्हणती आवळा, आणि दोघींना वापरायला रक्त तेवढंच, उलट घामानं ते कमी कमी व्हायलंय. शाळेच्या पुस्तकात पचनसंस्था वेगळा धडा, रक्ताभिसरण वेगळा धडा, उत्सर्जन वेगळा, त्यामुळं आपल्याला वाटतं प्रत्येकाचं काम वेगवेगळं चाललंय. प्रत्यक्षात सगळ्यांचं खातं एकच.

मग शरीर तडजोड करतं. आतड्याकडचं रक्त कमी करतं, म्हणून उन्हातून आल्यावर भाकरी घशाखाली उतरत नाही, मळमळतं. किडनीकडचं कमी करतं. हृदय जोरात चालवतं. एवढं सगळं करून झोपलेल्या अवस्थेत बीपी ११८/७६ दिसतं आणि आपण म्हणतो नॉर्मल. त्यात अण्णा मुळात बीपीचे पेशंट, त्यांचं एरवीचं बीपी १३० च्या वर असंल तर ११८ हे त्यांच्यासाठी उतरलेलंच धरायचं.

आता उठून उभं राहायचा क्षण घ्या. आपण उभं राहिलो की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायाकडं आणि पोटाकडं उतरतं. सगळ्यांचंच उतरतं, तुमचं माझंही. मानेतल्या कॅरोटिड रक्तवाहिनीत आणि हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत दाब ओळखणारे सेन्सर आहेत, ते लगेच मेंदूला कळवतात, नाडी वाढते, पायातल्या वाहिन्या आवळतात, काही सेकंदात काम होऊन जातं, आपल्याला पत्ताही लागत नाही. अण्णांच्या बाबतीत नाडी आधीच पळत होती, रक्त आधीच कमी झालेलं, वाहिन्या उष्णतेसाठी उघड्या ठेवलेल्या. वाढवायला काही शिल्लकच नव्हतं. झोपून सगळं निभावलं, उभं राहताना निभावलं नाही. दवाखान्यात माणसाला झोपवून बीपी घेतलं की हा प्रकार निसटतो.

आणि गोळी. गोळीचं नाव तुम्ही दिलं नाही, पण नावाच्या शेवटी एच किंवा सीटी असं काही असंल तर बहुतेक त्यात लघवी वाढवणारं औषध आहे. आणि टेल्मिसार्टन, लोसार्टन असलं 'सार्टन' वालं औषध असंल तर ते अँजिओटेन्सिन नावाच्या हार्मोनचं काम अडवतं. पाणी कमी पडलं की वाहिन्या आवळायच्या आणि किडनीत मीठ धरून ठेवायचं हे त्याच हार्मोनचं काम. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर शरीर उन्हाळ्यात टेकतं त्याच आपण गोळीनं थोड्या सैल केलेल्या असतात. गोळी वाईट नाही हो, हेच लोक ऐकत नाहीत, गोळी बंद करून टाकतात आणि दिवाळीत लकव्याचा झटका घेऊन येतात. गोळी डिसेंबरात बसवलेली असती, एप्रिलात गरज बदलते, डोस बघून घ्यावा लागतो, तो डॉक्टरनं बघायचा. बीटा ब्लॉकर वाल्यांचं आणखी वेगळं, मेटोप्रोलॉल वगैरे, त्यांची नाडी औषधानं दाबलेली असती, त्यामुळं पाणी कमी पडलं तरी ती फारशी वाढत नाही, तिथं नाडीवर विसंबू नका.

किडनीचं काम मला स्वतःला सगळ्यात भारी वाटतं. दिवसाला जवळपास १८० लिटर पाणी रक्तातून गाळून घेते आणि त्यातलं दीड-दोन लिटर सोडून सगळं परत रक्तात घेते. रक्तातल्या मिठाचं प्रमाण एक-दोन टक्क्यानं जरी चढलं तरी मेंदूला कळतं, एडीएच नावाचं हार्मोन सुटतं, किडनी पाणी धरून ठेवायला लागते आणि त्याच वेळी आपल्याला तहान लागते. पाणी फारच कमी असलं तर लघवी दिवसाला अर्ध्या लिटरवर येते, गडद पिवळी, वास मारणारी. ही गडद लघवी म्हणजे किडनी बिघडली असं नाही, उलट ती जीव तोडून काम करायली आहे. पण साठीनंतर तहानेची जाणीव बोथट होते. अण्णांसारख्या माणसाला तहान लागंल तेव्हा पितो म्हणून चालत नाही, घड्याळ बघून प्यायला द्यावं लागतं.

इथं एक बोलायचं राहून जातं. शेतावर, विटभट्टीवर, ऊसतोडीला जाणाऱ्या बाया मुद्दाम पाणी कमी पितात, कारण आडोसा नसतो. हे शरीरविज्ञानाच्या कुठल्या धड्यात नाही, पण आपल्याकडं उन्हाळ्यात बायांच्या मुतखड्याचं आणि लघवीच्या इन्फेक्शनचं हे एक मोठं कारण आहे. मुकादमाला सांगून काही होत नाही हे मला माहिती आहे, तरी सांगत असतो.

आता सलाईन. लोकांना वाटतं सलाईनमध्ये ताकद असते. नॉर्मल सलाईनची अर्ध्या लिटरची बाटली म्हणजे अर्धा लिटर पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ, बाकी काही नाही. ग्लुकोजची पाच टक्केवाली बाटली असली तर २५ ग्रॅम साखर, एका भाकरीएवढंही बळ नाही त्यात. अण्णांना फरक पडला कारण त्यांना नेमकं तेच कमी होतं, रक्तातलं पाणी आणि मीठ. कमी झालेलं रक्त भरून निघालं, नाडी उतरली, उभं राहायला शिल्लक तयार झाली. ज्याला हे कमी नाही त्याला सलाईननं काही होत नाही, आणि ज्याचं हृदय कमजोर आहे त्याला उगीच दोन बाटल्या चढवल्या तर दम लागतो. अशक्तपणा आलाय एक सलाईन लावा म्हणणाऱ्यांनी हे एकदा वाचावं.

माणूस शुद्धीत असंल, उलट्या होत नसतील, तर तेच काम तोंडानं होतं. आतड्यात साखर आणि सोडियम एकत्र आत घेणारी वाट आहे, दोन्ही सोबत गेले की त्यांच्यामागं पाणीही खेचलं जातं. ओआरएस याच तत्त्वावर आहे. १९७१ साली बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, कॉलरा पसरला आणि सलाईनचा साठा संपत आला तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज, खायचा सोडा मोजून पाण्यात घालून लोकांना पाजलं आणि मरणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आणलं. त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. एवढ्या मोठ्या गोष्टीचं आपल्याकडं कौतुक कमीच.

पाकीट घेताना डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं घ्या, मोठं पाकीट २०.५ ग्रॅमच्या आसपासचं असतं आणि ते पूर्ण १ लिटर पाण्यात टाकायचं. आपले लोक अख्खं पाकीट एका तांब्यात टाकून पितात, चव चांगली लागते म्हणून, त्यानं उलट जुलाब लागू शकतात. पाकीट नसंल तर १ लिटर पाण्यात सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. शुगरवाल्यांनी पाणी कमी पडलेलं असताना ओआरएसला भ्यायचं कारण नाही, लिटरमागं साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं फक्त. रोजच्यासाठी मीठ घातलेलं ताक उत्तम, आंबील उत्तम. उसाच्या रसात साखर भरपूर आणि मीठ जवळपास नाही, तो आवडीनं प्या, औषध म्हणून नको. आणि खिशातल्या कांद्याबद्दल विचारणारे असतातच, तर खिशातला कांदा काही करत नाही, भाकरीसोबत खाल्ला तर निदान तोंडाला चव येते.

नुसतं पाणी भरपूर पिलं तर? तेही सारखं चालत नाही. घामातून मीठ गेलेलं आणि वरून नुसतं पाणी चार-पाच लिटर, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. नॉर्मल १३५ ते १४५. खाली घसरलं की पहिल्यांदा पायात गोळे, डोकं जड, मग म्हातारं माणूस काहीबाही बोलायला लागतं, घरचे म्हणतात भ्रम झाला. लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसात हे लई लवकर होतं. बीपी आहे म्हणून अळणी खाणाऱ्यांनी उन्हात दिवसभर काम असताना किती मीठ घ्यायचं ते आपल्या डॉक्टरला विचारूनच ठरवा, याचं एक उत्तर सगळ्यांना लागू होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं सांगतो, अंगदुखीच्या गोळ्या. दिवसभर काम केलं, अंग ठणकतंय, मेडिकलवरून डायक्लोफेनॅक नाहीतर तसली एखादी आणली आणि घेतली, हे घराघरात चालतं. किडनीच्या गाळणीत रक्त दाबानं जावं लागतं. पाणी कमी असताना किडनी हा दाब टिकवते तो आत येणारी वाहिनी उघडी ठेवून आणि बाहेर जाणारी आवळून. दुखण्याची गोळी आत येणारी आवळते, सार्टनवालं औषध बाहेर जाणारी सैल करतं, लघवीची गोळी आणि घाम मिळून रक्तच कमी करतात. तीन्ही एकत्र आले की गाळणीतला दाब पडतो आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, रक्तात चढतं, काही दिवसात, आणि माणसाला कळतही नाही कारण दुखत काहीच नाही. मध्य अमेरिकेत, निकाराग्वा, एल साल्वाडोर भागात, ऊस तोडणाऱ्या तरुण मजुरांच्या किडन्या मोठ्या प्रमाणात खराब झालेल्या आढळल्या, बीपी नाही शुगर नाही तरीही. नेमक्या कारणावर वाद आहे, पण ऊन, कष्ट आणि वारंवार पाणी कमी पडणं हा त्यात मोठा संशय आहे. आपल्या बीडच्या ऊसतोड कामगारांसाठी मला म्हणून काळजी वाटते.

'ताप नाही' असं तुम्ही लिहिलं त्यावरून एक सांगतो, ताप आणि ऊन लागणं या दोन गोष्टी लोक एकच समजतात. तापात हायपोथॅलॅमस स्वतःच ठरवतो की आता ३९ वर जायचं, म्हणून थंडी वाजते, अंगावर वाकळ घेतो आपण. तिथं पॅरासिटामॉल ते ठरवलेलंच खाली आणतं, म्हणून लागू पडतं. ऊन लागतं तेव्हा ठरवलेलं ३७च असतं, यंत्रणा हरलेली असते, म्हणून पॅरासिटामॉलचा काडीचा उपयोग नाही. आतलं टेंपरेचर ४० च्या वर आणि माणूस बरळतोय, झटके येतायत, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. कष्ट करताना झालेल्या उष्माघातात घाम चालूही असू शकतो, अंग कोरडं पडायची वाट बघू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, बादल्यांनी पाणी ओता आणि पंखा, सूप, उपरणं जे मिळंल त्यानं वारा घाला, बोअरचं पाणी हातात असंल तर अंगावर पाईपच धरा. १०८ ला फोन लावून गाडी येईपर्यंत हे थांबवायचं नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, फुफ्फुसात जातं.

शुगर ११२ बद्दल फार विचार करू नका, आजाराच्या ताणात ॲड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल वाढतात आणि लिव्हर साठवलेली साखर सोडतं.

शरीर उन्हाला सरावतं हेही खरं. रोज थोडं थोडं उन्हात काम केलं तर एक-दोन आठवड्यात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातलं पाणी वाढतं. म्हणून सालगडी मे महिन्यातही टिकतो आणि पुण्याच्या एसी ऑफिसातून लग्नाला आलेला पोरगा दुपारच्या वरातीत नाचून आडवा होतो. पण साठीच्या पुढं हा सराव कमी होतो, आणि हळदीचं काम तर ऊन नुकतंच तापायला लागलेलं असताना अंगावर येतं.

अण्णांसाठी आता एवढं करा. घरी डिजिटल मशीन असंल तर पाच मिनिटं झोपवून बीपी घ्या, मग उभं करून १ मिनिटानं आणि ३ मिनिटानं घ्या, शेजारी कुणीतरी धरायला असू द्या. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर ते कागदावर लिहा आणि गोळीच्या पाकिटासकट तुमच्या डॉक्टरला दाखवा, मनानं गोळी बंद नको. क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम एकदा तपासून घ्या, तोवर दुखण्याची गोळी पूर्ण बंद. हळदीचं राहिलेलं काम पहाटे चारला सुरू करून दहाला थांबवा, अण्णांना वाफेपासून लांब, वाळवण राखायला बसवा सावलीत. उठताना आधी बाजेवर बसून पाय हलवायचे, मग उभं राहायचं. आणि उन्हात न जाता, बसल्याजागी चक्कर आली, छातीत धडधडलं किंवा शौचाला काळं झालं तर वर लिहिलेलं काहीही धरून बसू नका, त्याची कारणं वेगळी असतात, त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात न्या.